पोटाचा जुना आजार आणि सिंगापूरची सक्तीची लष्करी सेवा

केतकी७९ | ६ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही २०११ मध्ये ठाण्याहून सिंगापूरला आलो. २०१४ मध्ये तिघांनाही पी.आर., म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला. अर्ज नवऱ्याच्या नोकरीवर होता, म्हणून त्याला लष्करी सेवा नाही. पण आईवडिलांच्या जोडीने पी.आर. झालेल्या मुलाला ती चुकत नाही. सह्या केल्या तेव्हा हे आम्हाला माहीत होतं, कोणी फसवलं असं मुळीच नाही. मुलगा सहा वर्षांचा होता आणि अठरा वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट वाटत होती.

चौदाव्या वर्षी, जूनच्या सुट्टीत ठाण्याला असताना त्याचं पोट दुखायला लागलं. आधी आम्हाला वाटलं बाहेरचं खाणं. मग जुलाब, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी आतड्याचा क्षय समजून औषधं सुरू केली. सिंगापूरला परतल्यावर दुर्बीण घातली, तुकडा तपासला आणि क्रोन्स निघाला, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा दीर्घ आजार. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. आठ आठवडे अन्न बंद, फक्त डब्यातलं पोषक दूध. वाढत्या वयाचं पोर समोर बसून आमची पानं बघायचं. शेवटी आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागलो.

आता तो ठीक आहे. अ‍ॅझाथायोप्रिनची गोळी रोज आणि अ‍ॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी, स्वतःच मांडीत टोचून घेतो. दीड वर्षात एकदाही त्रास उसळलेला नाही. बॅडमिंटन खेळतो. जेसीचं (ज्युनियर कॉलेजचं) दुसरं वर्ष आहे, नोव्हेंबरात ए लेव्हलची परीक्षा, आणि त्याआधी लष्कराची वैद्यकीय तपासणी. पत्र आलंय.

घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो, फॉर्मवर ‘पूर्वी पोटाचा त्रास होता’ एवढंच लिहावं, एकदा ‘अनफिट’चा शिक्का बसला की पुढे नोकरीत विचारतील. सासूबाई रोज फोनवर म्हणतात, सगळे कागद पुढे करा आणि पोराला सोडवा. आणि ज्याला जायचंय तो म्हणतो, मला वर्गातल्या सगळ्यांबरोबर टेकाँगला, लष्करी प्रशिक्षणाच्या बेटावर, जायचंय. मी मधे. रात्री झोप नाही.

इथे कोणी यातून गेलंय का? तपासणीत काय होतं, सोबत काय न्यावं, आणि खरं सांगितलं तर पुढे काय?

---

पूर्वकिनारा | ६ एप्रिल, रात्री ११:३०

केतकीताई, माझा मोठा मुलगा दोन वर्षं पुरी करून आला, धाकटा आता जाईल. मोठ्याला दमा होता, त्यामुळे कागदपत्रांची वाट तुडवलेली आहे.

आधी ऑनलाइन आरोग्य प्रश्नावली भरायची असते. ती मुलाबरोबर तुम्ही स्वतः बसून भरा, त्याच्या एकट्यावर सोडू नका. अठराव्या वर्षाच्या आसपासच्या मुलांना आपल्या लहानपणची अर्धी दुखणी माहीत नसतात. मग सीएमपीबीत, म्हणजे लष्कराच्या भरती कार्यालयात, अर्ध्या दिवसाची तपासणी. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, डोळे, आणि शेवटी लष्करी डॉक्टर. दीर्घ आजार असेल तर ते त्यांच्या मनाने निकाल देत नाहीत, तुमच्या तज्ज्ञाचं पत्र मागतात. ते पत्र आधीच हातात असेल तर दोन महिने वाचतात.

ग्रेडला इथे ‘पेस’ म्हणतात. ए आणि बी१ म्हणजे लढाऊ कामाला योग्य, टेकाँगवरचं ९ आठवड्यांचं मूळ प्रशिक्षण बहुतेक ह्यांचं. बीच्या खालच्या प्रकारांना काही मर्यादा. सी आणि ई म्हणजे कचेरी, भांडार, तांत्रिक मदत अशी कामं, आणि प्रशिक्षणही बेताचं. एफ म्हणजे सेवेला अयोग्य, सुटका. डी हा निकाल नव्हेच, ‘अजून ठरलं नाही, कागद आणा’ असा त्याचा अर्थ. तुमच्या मुलाला बहुतेक आधी डी मिळेल. तेव्हा घाबरू नका.

तज्ज्ञांच्या पत्रात हे असू द्या: निदान कधी झालं, आतड्याचा कुठला भाग, शेवटची दुर्बीण कधी आणि तिच्यात काय दिसलं, आत्ताची औषधं मात्रेसकट, कितीदा दाखल केलं, इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं हे, आणि काय टाळायचं ते. ‘रुग्ण स्थिर आहे’ अशी एका ओळीची चिठ्ठी कुणाच्याच कामाची नसते.

---

सडेतोड_मत | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

एवढा विचार कशाला? मुलाचा पी.आर. सोडून द्या. भारतात परत या, इथे उत्तम कॉलेजं आहेत. आजारी पोराला दुसऱ्या देशाच्या सैन्यात पाठवायचं मला तरी पटत नाही.

---

पूर्वकिनारा | ७ एप्रिल, सकाळी ८:०२

सडेतोड, मत तुमचं, पण परिणाम अर्धे सांगितलेत. सेवा न करता पी.आर. सोडला तर पुढे इथे शिकायचा किंवा नोकरीचा परवाना मागताना ते विरोधात जातं, हे सरकार उघडपणे सांगतं. आणि बोलावणं आल्यावर न सांगता निघून गेलं तर तो गुन्हा आहे, १०,००० डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लहानपणापासून इथे वाढलेल्या मुलाला तुम्ही ‘परत या’ म्हणताय. तो कुठून परत येणार? त्याचं घर बुकिट बाटोकला किंवा सेंगकांगलाच असणार ना.

---

सडेतोड_मत | ७ एप्रिल, सकाळी ८:४०

हा मुद्दा मान्य. मुलाच्या बाजूने मी विचार केला नव्हता.

---

जठराग्नी | ७ एप्रिल, दुपारी २:२०

मी पुण्यात पोटविकार बघतो. त्यांच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, तरी काही गोष्टी सांगतो.

क्षयाचं आधी. ठाण्याच्या डॉक्टरांबद्दल मनात काही ठेवू नका. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही लहान आतड्याच्या त्याच टोकाला बसतात, दोन्हीत ताप, वजन घटणं, व्रण, आणि तुकड्यात गाठीसारख्या पेशीही दोन्हीत दिसू शकतात. आपल्याकडे क्षय इतका आहे की शंका आली तर आधी क्षयाची औषधं देऊन बघण्याची वेळ अनेकदा येते. ही माहिती सुद्धा लष्करी डॉक्टरांना द्या. किती दिवस ती औषधं घेतली, ते लिहून ठेवा. अ‍ॅडॅलिम्युमॅबसारखी औषधं लपलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून तो प्रश्न विचारला जाणारच.

सैन्याला ह्या आजाराची अडचण का वाटते? मुलगा आज अशक्त आहे का, हा त्यातला छोटा भाग. उद्याचं सांगता येत नाही, ही खरी अडचण. दीड वर्ष शांत असलेलं आतडं कधी उसळेल हे मलाही सांगता येत नाही. त्या दिवशी तो जंगलात सरावावर असेल आणि संडास, सलाइन, फ्रिज काहीच जवळ नसेल, तर त्याचे आणि त्याच्याबरोबरच्या सात जणांचे हाल.

आता तुमच्या मुलासाठी.

वेदनाशामकं. सैन्यात पाय मुरगळतो, पाठ धरते, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी सहज हातात पडते. ह्याच गोळ्या क्रोन्स भडकवू शकतात. ‘मला क्रोन्स आहे, ही गोळी चालत नाही’ हे वाक्य त्याला झोपेतही म्हणता आलं पाहिजे. आजार लपवला तर हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणणार?

लसी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. गोवर-गालगुंड, कांजिण्या, पीतज्वर ह्या त्यातल्या. भरतीच्या वेळी रांगेत उभं करून लस देतात, तेव्हा हे आधीच नोंदलेलं हवं.

माती. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. सिंगापूरच्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मेलिऑइडोसिसचे जंतू असतात. आपल्याकडे कर्नाटकच्या किनारपट्टीतही हा आजार दिसतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला चिखलात खड्डे खणायला, त्यात रात्रभर पडून राहायला लावणं मला धोक्याचं वाटतं.

ऊन. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे त्वचा उन्हाला जास्त नाजूक होते. इंजेक्शनचा पेन २ ते ८ अंशांत राहिला पाहिजे. फ्रिजबाहेर काही दिवस चालतो, पण २५ अंशांच्या आत. सिंगापूरच्या बराकीत दुपारी तेवढं थंड असतं का, तुम्हीच सांगा.

एवढं सगळं नोंदल्यावर त्याला टेकाँगचं पूर्ण प्रशिक्षण मिळेल असं मला वाटत नाही. त्याला आत्ताच हळूहळू सांगायला लागा. निकालाच्या दिवशी अचानक कळू नये.

---

माजघर | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

ताई, माझ्या भावाला असाच पोटाचा त्रास होता. कुड्याच्या सालीचा काढा, बेलाचा मुरांबा आणि रोज ताजं ताक ह्यावर सहा महिन्यांत बरा झाला. सैन्यात जायच्या आधी हे करून बघा, इंजेक्शनं सुटतील.

---

जठराग्नी | ७ एप्रिल, संध्याकाळी ७:००

माजघर, भाऊ बरा झाला हे ऐकून बरं वाटलं. कुडा, बेल हे जुलाबांवरचे आपले जुने उपाय आहेत आणि साध्या पोट बिघडण्यात लोकांना आराम पडतो. क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीच्या आरपार सूज असते. औषध बंद केलं तर वरून बरं वाटत असतानाही आत आतडं अरुंद होत जातं. केतकीताई, कुणाच्याही सांगण्यावरून गोळी किंवा इंजेक्शन थांबवू नका. तपासणीत ‘औषध चालू नाही’ असं लिहिता यावं म्हणून तर अजिबातच नाही.

---

धावपटू_नाशिक | ७ एप्रिल, रात्री ९:१८

मुलाला स्टीव्ह रेडग्रेव्हबद्दल सांगा. ब्रिटनचा नौकानयनपटू, १९९२ मध्ये त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज आणि व्रण) निघाला, पुढे मधुमेहही झाला, आणि तरी १९८४ ते २००० अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. आणि अमेरिकेचे आयझेनहॉवर! एवढा मोठा सेनापती, वर्षानुवर्षं पोटाच्या तक्रारी, आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना आतड्याला अडथळा येऊन शस्त्रक्रिया झाली तेव्हा क्रोन्स असल्याचं कळलं.

---

अजिंक्यतारा | ८ एप्रिल, सकाळी ६:०५

रामराम. मी सातारा जिल्ह्यातला. सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. आमच्याकडे सक्ती नाही, उलटं आहे. आपशिंगे मिलिटरी आमच्या जवळ, तिथे घराघरात फौजी. भरती निघाली की पहाटे चारला रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. आमची पोरं आजार लपवतात ते आत जाण्यासाठी. म्हणून तुमच्या मिस्टरांचं म्हणणं वाचलं आणि लिहायला बसलो.

एक पोरगा सांगतो, नाव गाव नाही सांगत. भरतीत पास झाला, ट्रेनिंग झालं, मग उंचावरच्या पोस्टवर गेला. भरतीच्या आधीपासून त्याला महिन्या दोन महिन्यांनी शौचातून रक्त पडायचं. घरच्यांना माहीत होतं. बापाने सांगितलेलं, बोलायचं नाही, नोकरी जाईल. पोस्टवर संडास म्हणजे बर्फात चाळीस पावलं लांब पत्र्याचा आडोसा. रात्री सहा सहा वेळा उठायचा. बरोबरच्यांना वाटायचं घाबरतोय. मी एम.आय. रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, होतो, माझ्याकडे आला तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्या खाली. चेहरा कागदासारखा पांढरा. हवामान खराब, हेलिकॉप्टर दोन दिवस आलं नाही. ते दोन दिवस मी त्याच्या शेजारी बसून काढले. सारखं एकच म्हणत होता, काका, वडलांना कळवू नका.

वाचला. नंतर मोठ्या इस्पितळात कोलायटिस निघाला. आमच्याकडे जवानाची तब्येत ‘शेप’मध्ये मोजतात, त्यात पी म्हणजे शरीराची ताकद. शेप-वन म्हणजे पूर्ण फिट. त्याला कॅटेगरी लागली, उंचावर आणि एकांतात पाठवायचं नाही असं कागदावर आलं. पुढे युनिटच्या स्टोअरमध्ये होता. असा हिशेबाचा पक्का माणूस मी पाहिला नाही, त्याच्या स्टोअरमधून सुतळीचा तोडा सुद्धा बेहिशेबी गेला नाही. नोकरी पुरी केली.

कॅटेगरी लागलेल्या माणसाला कमी समजणारे भेटतात. मीसुद्धा उमेदीच्या काळात समजायचो. त्या दोन दिवसांनंतर नाही.

वहिनी, मिस्टरांना हे वाचायला द्या.

---

नवगावची_लेक | ८ एप्रिल, दुपारी ४:३३

शालोम आणि नमस्कार. मी इस्रायलहून लिहिते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागजवळचे. आईवडील इकडे आले तेव्हा मी जन्मले नव्हते, मराठी घरात शिकले, चुका झाल्या तर माफ करा.

इथेही सक्ती. सतराच्या आसपास पहिलं बोलावणं येतं, ‘त्साव रिशोन’ म्हणतात. तपासणी करून आकडा देतात, त्याला ‘प्रोफिल’. सगळ्यात वरचा ९७. मग ८२, ७२, ६४, ४५ असे उतरत जातात. २४ म्हणजे आत्तापुरते अयोग्य, २१ म्हणजे कायमचे, घरी जा. इथे तरुण मुलं एकमेकांना हा आकडा विचारतात, जसे तिकडे बारावीचे टक्के विचारतात.

माझ्या धाकट्याला सोळाव्या वर्षी क्रोन्स झाला. त्याला २१ मिळाला. मी मनातून देवाचे आभार मानले, खरं लिहिते. तो मात्र खोलीत जाऊन बसला, जेवला नाही. बहीण गेलेली, मामेभाऊ गेलेले, शेजारची सगळी मुलं हिरव्या गणवेशात शुक्रवारी घरी येतात, आणि हा एकटाच साध्या कपड्यांत. मी मलिदा करून मानलेला नवस फेडला, त्या दिवशीही तो ताटाशी आला नाही. त्याची सुटका मी मागितली होती, त्याने नाही.

इथे २१ वाल्याला स्वतःहून अर्ज करता येतो, ‘मितनादेव’ म्हणजे स्वयंसेवक म्हणून. त्याच्या डॉक्टरांनी पत्र दिलं, त्याने स्वतः फोन केले, आठ महिने लागले. शेवटी बेर शेव्याला कार्यालयात काम मिळालं, रोज संध्याकाळी घरी. मधे एकदा आजार उसळला, तीन आठवडे इस्पितळात होता, त्याच्या तुकडीची अधिकारी मुलगी, वीस वर्षांची असेल, दोनदा भेटायला आली.

केतकी, सासूबाईंचं चूक नाही, मी पण तशीच होते. पण त्याला विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐका.

---

केतकी७९ | ९ एप्रिल, रात्री १२:४०

सगळ्यांचे आभार कसे मानू. अजिंक्यतारा काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला दिला. त्याने वाचला, काही बोलला नाही, गॅलरीत जाऊन उभा राहिला. आज सकाळी माझ्या आधी उठून त्याने इस्पितळात फोन केला, तज्ज्ञांची वेळ घेतली आणि पूर्वकिनारा यांनी लिहिलेले सगळे मुद्दे एका कागदावर उतरवून घेतले. क्षयाच्या औषधांचं जुनं प्रिस्क्रिप्शन ठाण्याच्या घरी कपाटात आहे, ते सासूबाई फोटो काढून पाठवणार आहेत. ‘सोडवा’ म्हणणं अजून चालू आहे, पण फोटो पाठवणार आहेत.

मुलाला विचारलं. त्याचं उत्तर वेगळंच निघालं. म्हणाला, आई, मला टेकाँगचं एवढं नाही, पण तुम्ही कुणाला सांगत नाही ना माझ्या आजाराबद्दल, आजीच्या सोसायटीत, मंडळाच्या गणपतीत, कुठेच नाही. तिकडेही तसंच करायचं असेल तर दोन वर्षं एका खोलीत दहा जणांबरोबर मी कसं लपवू?

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही खरंच कुणाला सांगितलेलं नाही. गणपतीत प्रसाद खाल्ला नाही की मी ‘त्याला गोड आवडत नाही’ म्हणते.

---

बुकआऊट_शुक्रवार | १० एप्रिल, पहाटे १:२५

काकू, मी २४ वर्षांचा, सिंगापूरमध्येच वाढलो, माझं मराठी आईने तपासून दिलंय. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मेसालाझिनच्या गोळ्या चालू आहेत. पेस ई मिळाला, दोन वर्षं पश्चिमेकडच्या एका छावणीत भांडारात होतो. तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे.

मी पहिले चार महिने लपवलं. आमच्याकडे एक शब्द आहे, ‘चाओ केंग’, म्हणजे काम टाळायला आजाराचं सोंग करणारा. पायाला प्लास्टर असेल तर कोणी म्हणत नाही. पोट दिसत नाही. मी सकाळी हजेरीच्या आधी तीनदा संडासात जायचो, म्हणून पाचऐवजी सव्वाचारला उठायचो. नाश्ता करायचो नाही, म्हणजे दुपारपर्यंत पोट शांत. वजन सहा किलो उतरलं. एकदा आठवड्यात दोनदा ‘रिपोर्ट सिक’ केलं, तर शेजारच्या पलंगावरचा मुलगा सगळ्यांसमोर तो शब्द बोलला.

त्या रात्री दिवे गेल्यावर मी अंधारातच सांगितलं. काय आजार आहे, रक्त कसं पडतं, का उठतो. उजेडात सांगू शकलो नसतो. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा माझ्याआधी उठला होता, आणि शेवटच्या संडासाची कडी बिघडलेली होती ती त्याने तारेने बांधून दिली. पुढे पहाऱ्याची पाळी आली की छावणीभर फिरायचं काम तो घ्यायचा आणि मला फाटकाजवळचं द्यायचा, कारण तिथून संडास जवळ. आम्ही अजून महिन्यातून एकदा भेटतो.

बाकी कामाच्या गोष्टी: मेसमध्ये शाकाहारी जेवण वेगळं मिळतं, पण मसालेदार असतं. मला साधा भात आणि वाफवलेली अंडी चालायची, ते आचाऱ्याला एकदा नीट सांगितल्यावर बाजूला काढून ठेवायचा. डॉक्टरांचं पत्र फोनमध्ये आणि कागदावर, दोन्ही ठेवा. पहिल्याच आठवड्यात आपल्या सार्जंटला एकट्याला भेटून सांगायचं, सगळ्यांसमोर विचारायची वेळ येऊ द्यायची नाही. आणि छावणीच्या दवाखान्यात इंजेक्शन ठेवायला फ्रिज मिळतो का हे रुजू व्हायच्या आधी विचारा, त्या दिवशी नाही.

त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी नंबर देतो.

---

विशाखा_डोंबिवली | १० एप्रिल, सकाळी ११:००

बुकआऊट, वाचताना डोळे भरून आले. डॉक्टर, एक शंका: माझ्या भाच्याला आयबीएस आहे म्हणतात, त्यालाही हेच सगळं लागू का? तोही सिंगापूरला आहे.

---

जठराग्नी | १० एप्रिल, दुपारी १:४५

नाही. क्रोन्स आणि कोलायटिसला मिळून ‘आयबीडी’ म्हणतात, म्हणून आयबीएसशी नावं सारखी वाटतात, पण आजार वेगळे. आयबीएसमध्ये आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडते, त्रास खरा असतो, पण व्रण, रक्तस्राव, सूज नसते. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी दोन्हीतला फरक ओळखायला बरीच मदत करते. मात्र वजन घटत असेल, रक्त जात असेल किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल तर ‘आयबीएस आहे’ म्हणून थांबू नका, पुन्हा तपासा.

धावपटू, रेडग्रेव्हचं उदाहरण मीही रुग्णांना देतो, पण सोबत हेही सांगतो की आजाराची तीव्रता माणसागणिक वेगळी. ज्याला पलंगावरून उठवत नाही त्याची जिद्द कमी पडली असं त्याला चुकूनही वाटायला नको.

बुकआऊट, नाश्ता न करणं पुन्हा करू नकोस. बाकी तू लिहिलंस ते मी छापून दवाखान्यात लावलं असतं. तुझी परवानगी असेल तर नावाशिवाय लावतो.

---

बुकआऊट_शुक्रवार | १० एप्रिल, रात्री १०:१२

लावा डॉक्टर. आता रोज नाश्ता करतो.

---

केतकी७९ | १९ जुलै, रात्री ९:३०

कळवायचं राहून गेलं होतं, त्याबद्दल माफी.

तपासणी झाली. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पूर्वकिनारा म्हणाले तसं आधी डी आलं. मग दुर्बिणीचा अहवाल, नवी कॅल्प्रोटेक्टिन तपासणी आणि तज्ज्ञांचं दोन पानी पत्र दिलं. लष्करी डॉक्टरांनी क्षयाच्या औषधांबद्दल नेमकं विचारलं, तारखा हाताशी होत्या. गेल्या आठवड्यात निकाल आला: पेस ई.

तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वर्गातल्या तिघांना ए आलंय. तिसऱ्या दिवशी बुकआऊटला फोन केला, दार लावून तासभर बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. बाहेर आला आणि म्हणाला, मला संगणकाचं काम मिळतं का ते विचारायचंय, मेल कुणाला करू? मेल त्यानेच लिहिली. इंजेक्शन आणि फ्रिजचं आम्ही न सांगता दुसऱ्या परिच्छेदात होतं.

सासूबाईंना ‘ई म्हणजे सुटला का’ हे समजावताना माझा अर्धा तास गेला. सुटला नाही म्हटल्यावर रडल्या. मग विचारलं, तिकडे मऊ भात देतात का.

मंडळाच्या गणपतीला यंदा प्रसादाचं ताट पुढे आलं की तो स्वतः सांगणार आहे म्हणाला, की मला क्रोन्स आहे, थोडंसंच द्या. मी म्हटलं, बरं.

---

अजिंक्यतारा | २० जुलै, सकाळी ५:५०

वहिनी, पोराला माझा आशीर्वाद सांगा. आणि बूट पहिल्या दिवसापासून नीट मापाचे घ्यायला सांगा. पोटाच्या नादात पायाकडे दुर्लक्ष होतं.

---

सेंगकांगकर | २ ऑगस्ट, रात्री ११:०८

हा धागा शोधता शोधता सापडला. आम्हीही पी.आर., मुलगा नऊ वर्षांचा, सिलिअ‍ॅक निघालाय, गव्हाचा कण चालत नाही. अजून वेळ आहे, पण आत्तापासून कोणते कागद जपून ठेवावेत?

---

केतकी७९ | २ ऑगस्ट, रात्री ११:२६

तुकड्याच्या तपासणीचा मूळ अहवाल, रक्तातल्या अँटिबॉडीचे निकाल, आणि ज्यांनी निदान केलं त्यांचं सहीचं पत्र. सगळ्याच्या दोन प्रती, एक तिथल्या घरी ठेवा. आणि मुलाला आत्तापासून त्याच्या आजाराचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायला शिकवा. बाकी व्यनि करते.